परदेशी पाहुण्याला स्टेशनवरच्या मशीनमधून तिकीट काढता येतं का? मुंबई ते कशेडी प्रवासापुरतं समजून घ्या

रायगड किल्ला बघायला किंवा महाडचं चवदार तळं बघायला परदेशातून माणसं येतात. कशेडी, पोलादपूर, महाड परिसरातल्या कुटुंबांतली परदेशात स्थायिक झालेली मुलं सुट्टीत येतात, तेव्हा कधी त्यांच्यासोबत परदेशी जावई, सून किंवा मित्रही असतात. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने १२ मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात रायगड आहे. त्यामुळे 'मुंबईहून तुमच्याकडे रेल्वेने कसं यायचं?' हा प्रश्न इथल्या लोकांना आता जास्त विचारला जाणार.

आपण सहज सांगतो, 'स्टेशनवर मशीन असतं, त्यातून तिकीट काढ आणि ये.' पाहुणा मशीनसमोर उभा राहतो आणि नोट कुठे टाकायची, कार्ड कुठे सरकवायचं हे शोधत बसतो. मागे रांग वाढते. शेवटी तो तिकीट न काढताच गाडीत बसतो, किंवा चुकीचं तिकीट काढून भलत्याच डब्यात चढतो. दोन्हीचा शेवट दंडात होतो.

हा घोळ टाळायचा असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. आपल्याकडचं तिकीट मशीन परदेशातल्या मशीनसारखं नाही. ज्याच्याकडे आधीच रेल्वेचं कार्ड किंवा यूपीआय आहे, त्याची रांग वाचवण्यासाठी ते आहे. आणि त्यातून मिळणारं तिकीट फक्त जनरलचं असतं.

एटीव्हीएम म्हणजे नेमकं काय?

मुंबईच्या लोकल स्टेशनांवर टचस्क्रीन असलेली जी मशीन दिसतात, त्यांना एटीव्हीएम म्हणतात. त्यांतून साधारण तीन कामं होतात: अनारक्षित प्रवासाचं तिकीट, प्लॅटफॉर्म तिकीट आणि पासचं नूतनीकरण.

आरक्षित तिकीट, म्हणजे ज्यावर डबा आणि सीट नंबर असतो ते, या मशीनमधून मिळत नाही. स्लीपर नाही, एसी चेअर कार नाही, थ्री टियर नाही. पाहुण्याला सांगताना ही गोष्ट सर्वांत आधी सांगा. युरोपात किंवा जपानमध्ये लांब पल्ल्याच्या गाडीचं तिकीटही स्टेशनवरच्या मशीनमधून निघतं, म्हणून इथेही निघेल असं त्याला वाटणं साहजिक आहे.

परदेशी माणूस इथे का अडकतो?

जर्मनीत स्टेशनवरचं मशीन नाणी, नोटा आणि कार्ड घेतं. जपानमध्ये मशीनच्या वरच्या तक्त्यात भाडं बघून तेवढे पैसे मशीनमध्ये टाकतात. लंडनमध्ये तर बँकेचं कार्ड फाटकाला टेकवून थेट आत जाता येतं.

आपल्या एटीव्हीएमवर पैसे भरण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत.

पहिला, रेल्वेचं स्मार्ट कार्ड. हे कार्ड तिकीट खिडकीवर विकत घ्यावं लागतं आणि त्यात पैसे भरून ठेवावे लागतात. हे बँकेचं कार्ड नव्हे. परदेशी बँकेचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड त्या जागेवर ठेवलं तर काहीच होत नाही.

दुसरा, यूपीआय. तिकिटाचा तपशील भरला की स्क्रीनवर क्यूआर कोड येतो. तो फोनवरून स्कॅन करून पैसे दिले की तिकीट छापून बाहेर येतं. पण यूपीआय म्हटलं की त्यामागे भारतातलं बँक खातं किंवा भारतात चालणारं वॉलेट लागतं. पर्यटकाकडे विमानातून उतरताना यांपैकी काहीच नसतं.

म्हणजे मशीन चालू आहे, पाहुण्याच्या खिशात पैसेही आहेत, तरी तिकीट निघत नाही. ही त्याची चूक नाही.

मग परदेशी पाहुण्यासमोर पर्याय कोणते?

१. मशीनजवळचा मदतनीस. मुंबईत मोठ्या स्टेशनांवर एटीव्हीएमपाशी बरेचदा एक माणूस बसलेला असतो. रेल्वेने नेमलेले हे मदतनीस, त्यांत अनेक निवृत्त रेल्वे कर्मचारी असतात. ते स्वतःच्या स्मार्ट कार्डावरून तिकीट काढून देतात आणि प्रवाशाकडून रोख पैसे घेतात. त्यांचं कमिशन रेल्वे देते, म्हणून तिकिटावर छापलेल्या रकमेइतकेच पैसे द्यायचे. परदेशी माणसासाठी मशीन वापरण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. स्टेशनचं नाव कागदावर लिहून द्या, सुटे पैसे सोबत ठेवायला सांगा.

२. तिकीट खिडकी. इथे रोख पैसे देऊन तेच अनारक्षित तिकीट मिळतं. त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागत नाही, नावही सांगावं लागत नाही. रांग मात्र असते.

३. स्मार्ट कार्ड. पाहुणा मुंबईत आठ-पंधरा दिवस राहून रोज लोकलने फिरणार असेल, तर कार्ड घेणं परवडतं. एका दिवसासाठी ते घेण्यात अर्थ नाही.

४. परदेशी पर्यटकांसाठीचं यूपीआय. 'यूपीआय वन वर्ल्ड' नावाची सोय २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वर्षात सुरू झाली. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून एक वॉलेट मिळतं, त्यात परदेशी कार्डाने रुपये भरता येतात आणि दुकानदाराचा क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात. त्यासाठी भारतीय बँक खातं लागत नाही. पाहुण्याने असं वॉलेट घेतलं असेल, तर आधी एखाद्या दुकानात चहा-पाण्याचे पैसे देऊन ते चालतं का हे बघावं. पहिला प्रयोग गर्दीच्या वेळी रेल्वेच्या मशीनवर नको.

५. घरच्या माणसाचं यूपीआय. तुम्ही पाहुण्याला आणायला दादरला किंवा सीएसएमटीला गेला असाल, तर सरळ तुमच्या फोनवरून क्यूआर स्कॅन करा. अनारक्षित तिकिटावर प्रवाशाचं नाव नसतं, त्यामुळे पैसे कोणी दिले याने फरक पडत नाही.

परदेशात राहणाऱ्या भारतीयांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ज्यांचं एनआरई किंवा एनआरओ खातं आहे, त्यांना अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया अशा काही ठरावीक देशांच्या मोबाइल नंबरवरूनही यूपीआय सुरू करता येतं. बँकेकडे ही सोय निघण्याआधीच सुरू करून घ्यावी.

मशीनवर काय काय दाबायचं?

मशीनचे पडदे वेळोवेळी बदलतात, पण क्रम साधारण असा असतो.

- भाषा निवडा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे पर्याय असतात.
- स्मार्ट कार्ड असेल तर ते ठरवून दिलेल्या जागेवर ठेवा. तिकीट छापून होईपर्यंत उचलू नका.
- कुठे जायचं ते स्टेशन निवडा. नकाशावर बोट ठेवून किंवा नाव शोधून.
- माणसं किती, त्यांत मुलं किती, एकेरी की परतीचं, ते निवडा. ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. ५ पूर्ण ते १२ वर्षांखालच्या मुलांना अनारक्षित तिकीट अर्ध्या दराचं असतं.
- वर्ग आणि गाडीचा प्रकार निवडा.
- रक्कम वाचा, मग पैसे भरा.
- तिकीट हातात घेऊन स्टेशनचं नाव आणि तारीख तपासा.

यांत सर्वांत जास्त चूक होते ती गाडीच्या प्रकारात. पॅसेंजर, मेल-एक्सप्रेस आणि सुपरफास्ट यांचं भाडं वेगवेगळं असतं. पॅसेंजरचं स्वस्त तिकीट घेऊन एक्सप्रेसमध्ये बसलं तर ते तिकीट अपुरं ठरतं. सुपरफास्ट गाडीला सेकंड क्लाससाठी वर १५ रुपये अधिभार लागतो. पाहुणा कोणत्या गाडीने येणार हे ठरलेलं नसेल, तर तिकीट काढायची घाई करू नये.

पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. स्क्रीनचा आणि फोनवरच्या व्यवहाराचा फोटो घ्या, मशीनचा नंबर टिपून घ्या आणि तिकीट कार्यालयात सांगा.

कशेडीला यायचं तर मशीनवर कोणतं स्टेशन शोधायचं?

इथे पाहुण्याची दुसरी अडचण सुरू होते. महाड नावाचं रेल्वे स्टेशन नाही. पोलादपूर नावाचंही नाही. कशेडी घाट महामार्गावर आहे, रेल्वेमार्गावर नाही. त्यामुळे पाहुण्याने 'महाड' शोधलं तर त्याला काहीच सापडणार नाही आणि इथे गाडी येतच नाही असं त्याला वाटेल.

कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि वीर हेच महाडसाठीचं नेहमीचं स्टेशन आहे. वीरच्या पुढे सापे वामणे, करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी ही स्टेशनं लागतात आणि त्यापुढे खेड येतं. पाहुण्याला सांगताना तीन नावं पुरेशी आहेत.

- वीर: महाड आणि रायगड किल्ल्यासाठी. महामार्गाच्या जवळ. पॅसेंजर गाड्या इथे थांबतात, पण सगळ्या एक्सप्रेस थांबत नाहीत.
- माणगाव: वीरच्या अलीकडे. इथे थांबणाऱ्या एक्सप्रेस जास्त. पुढे एसटीने महाड, पोलादपूर.
- खेड: घाटाच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात. कशेडीला खालच्या बाजूने येणाऱ्यांना सोयीचं.

करंजाडी आणि विन्हेरे नकाशावर जवळ दिसतात म्हणून पाहुणा तीच निवडू शकतो. पण घ्यायला कोणी येणार नसेल, तर तिथे उतरून पुढची गाडी मिळवणं नवख्या माणसाला जड जातं.

नावांच्या सारखेपणाचाही घोळ आहे. मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं गोरेगाव आणि कोकण रेल्वेवरचं गोरेगाव रोड ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. इंदापूर म्हटलं तर बाहेरच्याला पुणे जिल्ह्यातलं इंदापूर सापडतं, कोकण रेल्वेवरचं रायगडात आहे. म्हणून पाहुण्याला स्टेशनचं नाव इंग्रजी स्पेलिंगसह मेसेज करा. बोलून सांगितलेलं नाव त्याला नीट लिहिता येत नाही.

मशीनच्या यादीत हवं ते स्टेशन दिसलं नाही, तर जवळचं म्हणून भलतंच स्टेशन निवडू नये. अशा वेळी तिकीट खिडकी गाठावी. दिव्याहून पॅसेंजर पकडायची असेल, तर खिडकीवर 'दिवामार्गे वीर' असं तिकीट मागावं.

जनरलचं तिकीट पाहुण्याला झेपेल का?

हा प्रश्न तिकीट काढण्याआधी विचारायला हवा. जनरल डब्यात सीट ठरलेली नसते. दिवा–सावंतवाडी आणि दिवा–रत्नागिरी या कोकणातल्या माणसांच्या रोजच्या गाड्या आहेत. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात त्यांत पाय ठेवायला जागा नसते. मोठ्या बॅगा घेऊन, दिव्याला लोकलमधून उतरून, पूल चढून ही गाडी पकडणं परदेशी पाहुण्याला कठीण जाऊ शकतं. एरवीच्या दिवसांत, एखादी पाठपिशवी असलेल्या माणसासाठी मात्र हा स्वस्त आणि छान प्रवास आहे.

गर्दी दिसली म्हणून जनरलचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये किंवा एसीत जाऊन बसणं ही पाहुण्यांकडून हमखास होणारी चूक. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १३८ नुसार विनातिकीट किंवा योग्य तिकिटाशिवाय प्रवास केल्यास भाड्याच्या रकमेसोबत जादा आकार भरावा लागतो. हा जादा आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जे जास्त असेल तेवढा असतो. 'मला माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही, प्रवासी कुठल्याही देशाचा असो.

तिकिटाला मुदतही असते. १९९ किलोमीटरपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर, तिकीट काढल्यापासून ३ तासांच्या आत किंवा त्या स्टेशनला जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यांत जे नंतर असेल तोपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. लोकलच्या तिकिटाची मुदत याहून कमी असते. सकाळी तिकीट काढून, दिवसभर मुंबई फिरून, संध्याकाळी गाडीत बसायचं असं चालत नाही.

सीट हवी असेल तर काय करायचं?

मग मशीनचा विचार सोडून द्यायचा आणि आधीच आरक्षण करायचं.

आपल्याला गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी करता येतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली. परदेशी पर्यटकांसाठीची ३६५ दिवसांची मुदत मात्र तशीच ठेवली आहे. काही ठरावीक गाड्यांत त्यांच्यासाठी वेगळा कोटाही असतो. पाहुण्याला स्वतःच्या परदेशी मोबाइल नंबरवर आणि पासपोर्टच्या तपशिलावर आयआरसीटीसीचं खातं उघडता येतं. त्यासाठी ठरलेलं शुल्क भरावं लागतं. पैसे भरताना आंतरराष्ट्रीय कार्ड चालणारा पर्याय निवडावा. मुंबईत सीएसएमटी आणि चर्चगेटच्या आरक्षण कार्यालयांतही परदेशी पर्यटक कोट्याचं तिकीट मिळतं. तिथे जाताना मूळ पासपोर्ट लागतो. आरक्षित डब्यात प्रवास करतानाही तो जवळ हवा.

ऐनवेळी तत्काळ काढू, या भरवशावर मात्र राहू नका. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारशी पडताळलेलं खातं लागतं. पर्यटकाकडे आधार नसतं.

मोबाइल अॅप वापरता येईल का?

जनरल तिकीट मोबाइलवरही मिळतं. रेल्वेने १ जुलै २०२५ रोजी 'रेलवन' हे अॅप आणलं. त्यात आरक्षित, अनारक्षित आणि प्लॅटफॉर्म अशी तिन्ही प्रकारची तिकिटं काढता येतात. परदेशी नंबर असलेल्या पाहुण्यासाठी याचा भरवसा धरू नये. आणि तुमच्या फोनवर काढलेल्या पेपरलेस तिकिटाचा स्क्रीनशॉट पाहुण्याला पाठवून भागत नाही. टीसीला तिकीट अॅपमध्येच दाखवावं लागतं. म्हणजे तिकीट ज्या फोनवर आहे, तो फोन प्रवाशासोबत हवा. पाहुणा एकटा येणार असेल तर त्याच्यासाठी कागदी तिकीटच बरं.

गाडीतून उतरल्यावर

स्टेशनबाहेर पडेपर्यंत तिकीट फेकायचं नाही, हे पाहुण्याला आवर्जून सांगा. तुम्ही त्याला घ्यायला फलाटावर जाणार असाल, तर तुम्हालाही प्लॅटफॉर्म तिकीट लागतं. ते १० रुपयांना मिळतं आणि दोन तास चालतं.

पाहुणा एकटाच एसटीने कशेडीला येणार असेल, तर आणखी एक सूचना. कशेडीचा नवा बोगदा झाल्यापासून बऱ्याच गाड्या जुन्या घाटातून वर चढत नाहीत. गाडीत बसण्याआधीच कंडक्टरला 'जुन्या घाटातून जाणार का?' असं विचारायला सांगा. नाहीतर तो बोगद्यातून थेट खेडच्या बाजूला पोहोचेल. नक्की नसेल तर त्याला पोलादपूर स्टँडवर उतरायला सांगा आणि तिथून घेऊन या.

पाहुण्याला पाठवायचा मेसेज

हे सगळं पाहुण्याला समजावत बसण्यापेक्षा एकच मेसेज पाठवा. त्यात या गोष्टी असू द्या.

- उतरायचं स्टेशन: वीर, माणगाव किंवा खेड, यांपैकी एकच, इंग्रजी स्पेलिंगसह.
- गाडीचं नाव, नंबर आणि ती कोणत्या स्टेशनवरून पकडायची ते.
- मशीनमधून फक्त जनरल तिकीट मिळतं. सीट हवी असेल तर आधी आरक्षण.
- मशीन परदेशी कार्ड घेत नाही. रोख रुपये आणि सुटे पैसे ठेव, मदतनीस किंवा खिडकी गाठ.
- तिकिटावर जो वर्ग छापला आहे त्याच डब्यात बस.
- गाडीची चौकशी आणि रेल्वेची मदत: १३९. पर्यटकांसाठीची २४ तासांची हेल्पलाइन: १३६३, तिथे काही परदेशी भाषांतही बोलता येतं.
- तुमचा फोन नंबर, आणि गाडी चुकली तर आधी कोणाला फोन करायचा ते.

गाडीची वेळ पाठवण्याआधी त्याच दिवशी पुन्हा एकदा बघून घ्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं.